टाकीचा सव्वा महिना

खाऱ्या पाण्याची टाकी पिकायला सव्वा महिना लागतो. हे मी पाजवाडीतल्या बावीस बायकांना शिकवलं, आणि एके दिवशी त्या बावीसच्या बावीस जणी माझ्या तोंडावर हसल्या. सगळ्यात मोठ्याने हसली ती माझी धाकटी जाऊ, स्वप्नाली. अजून आठवलं की माझं डोकं तापतं, तेव्हा सांगताना जीभ कुठे वाकडी गेली तर ऐकून घ्या.

मी दर्शना हेदवकर. समुद्रातली प्रवाळं तापून मेली आणि रंगीत मासे समुद्रातून धरायला बंदी आली, तेव्हा किनाऱ्यावरच्या बायकांना घरच्या पडवीत जोकर मासे वाढवायचं शिक्षण मिळालं. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असतात तो जोकर. आमच्या गावातून शिकायला गेले मी एकटी. बाकीच्या म्हणाल्या, मासा काय शिकायचा असतो, आमच्या सात पिढ्या माशावर जगल्या! मग माझ्या टाकीत पिल्लं दिसली तशा एकेक पदर खोचून आल्या.

शिकवलं मी सगळ्यांना. साधी गोष्ट आहे. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीतून अमोनिया निघतो, त्याने माशाचे कल्ले भाजतात. समुद्र अफाट आहे, तिथे खपून जातं. काचेच्या टाकीत ते खाणारं कुणीतरी लागतं. ते काम जिवाणू करतात. एक जात अमोनिया खाते आणि नायट्राइट सोडते. तेही विषच. दुसरी जात ते खाते आणि नायट्रेट सोडते, ते माशाला बऱ्यापैकी सोसतं. एवढी साखळी जुळली की टाकी पिकली म्हणायची. पण हे जिवाणू महा आळशी. दह्याचं विरजण एका रात्रीत लागतं, यांना एकाचे दोन व्हायलाच दिवस जातो. म्हणून रिकाम्या टाकीत मीठपाणी भरायचं, तळाला मातीचे गोटे ठेवायचे. कुंभाराकडून भुसा कालवून भाजून आणलेले, आतून जाळीदार. त्या भोकाभोकांत जिवाणू घर करतात. मग एक कोळंबी टाकून खुशाल सडू द्यायची. ती सडली की अमोनिया निघतो, जिवाणूंना जेवण मिळतं. रोज नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. रंग हिरवा आला तर विष आहे, पिवळा आला तर पाणी स्वच्छ. पिवळा येईपर्यंत टाकीत मासा घालायचा नाही. बायका म्हणायच्या, टाकी बाळंतीण आहे, सव्वा महिना तिला हात लावायचा नाही. गोट्यांवर जो तपकिरी बुळबुळीत थर येतो, त्याला आम्ही विरजणच म्हणत होतो.

पाच-सहा वर्षं हे सुरळीत चाललं. मग ‘शीघ्रा’ आली.

कुठल्याशा प्रयोगशाळेत जनुकं बदलून केलेला जिवाणू. दोघांचं काम एकटा करायचा, आणि अर्ध्या तासात एकाचे दोन व्हायचा. बाटली ओतली की टाकी दुसऱ्या दिवशी तयार! समुद्रात निसटून त्याने धुमाकूळ घालू नये म्हणून त्याला एक खोड लावून ठेवलेली. आठवड्याला एका खास पोषकाचे थेंब दिले नाहीत तर तो आपोआप मरायचा. अक्कल लावून केलेली गोष्ट होती, नाही म्हणत नाही मी.

आम्हा मासे वाढवणाऱ्या बायकांच्या मंडळाच्या बैठकीत स्वप्नालीने आदल्या दिवशी भरलेली टाकी आणून ठेवली, आत दोन जोकर मजेत पोहत होते. म्हणाली, "वैनी, तुमच्या बाळंतिणीला उठवा आता. आमची एका दिवसात कामाला लागली." सगळ्या खो खो हसल्या. मी म्हटलं, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. बाहेरची एकच जात सगळ्या टाक्यांत घातलीत, उद्या तिला काही झालं तर?" कुणी ऐकेना. त्याच बैठकीत मला अध्यक्षपदावरून उठवलं आणि स्वप्नालीला बसवलं. वर ती म्हणते, "वैनी, सव्वा महिना धरून बसायचे दिवस गेले."

मग मी बोलले. "सव्वा महिना म्हणजे काय ते तुला कसं कळणार? तुझ्यावर कधी बसायची वेळ आलीय?"

तिला मूल नाही. लग्नाला बारा वर्षं झाली होती. चुकून तोंडातून निघालं असं मी म्हणणार नाही. मला बोलायचंच होतं, मी बोलले.

त्यानंतर सहा वर्षं आम्ही बोललो नाही. खळं एक, तुळस एक, दारं समोरासमोर. ती झाडायला आली की मी आत जायची, मी वाळवण घातलं की तिचा दरवाजा बंद व्हायचा. माझ्या पडवीत मी तिची सावली पडू दिली नाही. कुणाची बादली नाही, जाळी नाही, ओला हातसुद्धा नाही. ‘शीघ्रा’ ज्या टाकीत शिरायची तिथे सगळं अन्न स्वतःच खायची आणि जुन्या आळशांना उपाशी मारायची. गावातल्या बावीस टाक्यांत जुनं विरजण नावाला उरलं नाही. माझ्या एका टाकीत तेवढं राहिलं. वीस गोटे आणि माझी एक जोडी. लोक म्हणायचे दर्शनावैनी हट्टी आहे. आहेच मी हट्टी.

यंदा आषाढात मासे वर येऊन तोंड उघडू लागले. आधी कुसुमच्या घरी, मग वरच्या आळीत, मग सगळीकडे. बायकांच्या फोनवर टाकीची धोक्याची घंटा वाजत होती, बाटलीमागून बाटली ओतत होत्या, काही उपयोग नाही. अकरा दिवसांत अख्ख्या किनाऱ्यावरच्या टाक्या नासल्या. खरं सांगू? पहिल्या दिवशी मला आनंद झाला. जात्यातले रडत होते आणि सुपातली मी हसत होते. तिसऱ्या दिवशी कुसुमने पाटी भरून मेलेले मासे वाडीत पुरले, तेव्हा हसू जरा ओसरलं. जरासंच.

संशोधन केंद्राच्या डॉ. शबाना मुकादम आल्या. जीपमधून उतरून आधी एक घर पाहिलं, मग दुसरं, आणि शेवटी माझ्या पडवीत येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, तुमचे जिवंत कसे?"

"मी घाई केली नाही म्हणून."

त्यांनी पाणी तपासलं, गोट्यावरचा थर खरवडून यंत्रात घातला आणि मग ओट्यावर बसून समजावलं. जिवाणूंनाही रोग होतात. त्यांना खाणारे विषाणू असतात. असा एक विषाणू ‘शीघ्रा’वर तुटून पडला होता. प्रत्येक बाटलीतला जिवाणू अगदी एकसारखा, मग एक मेला तसे सगळे मेले. "तुमच्या गोट्यावर चाळीसेक जाती आहेत," त्या म्हणाल्या. "त्या विषाणूला यांतलं काही खाता येत नाही. तुमच्या टाकीत तो शिरला तरी उपाशी मरेल."

सहा गोटे त्यांनी केंद्रात वाढवायला नेले. सगळ्या गावाला पुरेल एवढं विरजण व्हायला चार महिने लागणार होते. माझ्याकडे उरले चौदा.

जाताना त्या म्हणाल्या, "दोन माशांना सात गोटे पुरतात. म्हणजे अजून एका घरची जोडी तुम्ही वाचवू शकता. एकाच घरची. तुमच्या समोरच्यांकडे एक जोडी अजून तग धरून आहे."

मला माहीत होतं. स्वप्नालीची पहिली जोडी, अकरा वर्षांची. मादीला ती मोठी म्हणायची आणि नराला धाकटा. टाकी मेल्यावर तिने ती दोघं टबात काढली होती आणि दिवसातून तीनदा सगळं पाणी बदलत होती. समुद्राचं आणावं तर पावसाने किनाऱ्यालगतचं पाणी गोडं आणि गढूळ झालेलं. मिठाची पोती संपत आलेली. कंबरेला ओढणी बांधून ती वाकून चालायची, ते मी खिडकीतून पाहत होते. बघायला मजा येत होती असं म्हटलं तर तुम्हाला राग येईल. येऊ दे.

ती आली ती दिवेलागणीला. सहा वर्षांनी माझ्या पायरीवर. हातात बादली.

"वैनी, विरजण हवंय."

"आत्ता?"

"मीठ उद्यापुरतं आहे."

"दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत. आईने शिकवलं नाही तुला?"

तिने खाली पाहिलं. मला वाटलं आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, माझ्याकडे सगळी उत्तरं तयार होती. ती म्हणाली, "तेव्हा मी हसायला नको होतं. चुकलं माझं." आणि बादली पायरीवर ठेवून गेली.

आता तुम्हाला वाटेल, इथे दर्शना विरघळली असेल. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मला आणखीच संताप आला. सहा वर्षं मी गावात खुळी ठरले, आणि हिने दोन वाक्यांत हात झटकले? आणि मी जे बोलले होते त्याचं काय? त्याची माफी आता मी मागायची का? ती मागायला लागू नये म्हणून माणूस काय काय करतं!

सकाळी मी टाकीतून सात गोटे काढले, भाताच्या टोपात घातले आणि शेगडीवर ठेवून रटरटा उकळले.

माझा नवरा मंगेश चहा मागायला आत आला. नाक वर करून म्हणाला, "काय शिजतंय गं? कालवं आणलीस?"

"तुझ्या भावजयीसाठी आहे."

"म्हणजे बोललात तुम्ही!" त्याला इतका आनंद झाला की तसाच चहा न घेता बाहेर गेला. पुरुषांना काही दिसत नाही.

गोटे निववले, तिच्या बादलीत मीठपाण्यात घातले, आणि तिच्या दाराशी नेऊन ठेवले. वरून दिसायला तसेच तपकिरी. ती धावत आली. मला वाकून नमस्कार करायला लागली, मी पाय मागे घेतले. म्हटलं, "माशांना लगेच घाल, गोटे सुकले तर मरतील." हे वाक्यही मीच बोलले. टोपात उकळलेल्या गोट्यांबद्दल!

त्या दिवशी मी जेवले, झोपले, सगळं केलं. दुपारी तिच्याकडे पाण्याची उपसाउपस चालू होती, संध्याकाळी आवाज बंद झाला. मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दार वाजलं. स्वप्नाली. हातात माझी जुनी निळी बादली, कधीकाळची तिच्याकडे राहिलेली, वर ओलं फडकं.

"गोट्यांना शिजल्याचा वास होता," ती म्हणाली. "कालवं उकडल्यासारखा. मला काल दुपारीच आला. म्हटलं आपल्याला भास होतोय. वैनी असं करायच्या नाहीत."

मी तिच्या हातातल्या बादलीकडे बघत राहिले.

"धाकटा पहाटे गेला."

तिने बादली उंबऱ्याच्या आत ठेवली. "हे काय?" मी विचारलं. फडक्याखाली काहीतरी हललं. ते उकळलेले सात गोटे तळाशी होते आणि त्यांच्यावर मोठी आडवी होऊन श्वास घेत होती. डोक्यात आलं, ही सूड घ्यायला रोगट पाणी माझ्या टाकीत ओतायला आलीय. पण डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, माझ्या टाकीला त्या विषाणूने काही होत नाही. आणि हे तिनेही ऐकलं होतं.

"दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत," ती म्हणाली. "घे. मीठ संपलं. तुझं पाणी जिवंत आहे. ठेव हिला."

पहिल्यांदाच मला अगंतुगं केलं तिने. मी म्हटलं, "माझ्याकडे का आणलीस? मी तुला..."

"तुझ्यासाठी नाही आणली. तू मेलीस तरी मला काही वाटणार नाही. तिने काय केलंय?"

आणि ती पायरीवर बसली. आतही येईना, जाईनाही.

जोकरांच्या एका घरात दोन माद्या नांदत नाहीत, चावून चावून एक दुसरीला मारते. म्हणून टाकीत मध्ये डासांची जाळी ताणून लावली आणि पलीकडे मोठीला सोडलं. तासाभराने थेंब टाकले. पाणी हिरवट. आणखी तासाने हिरवं. मी डॉक्टरबाईंना फोन लावला.

"तीन मासे आहेत? पण चौदा गोटे आहेत ना तुमच्याकडे?"

"सात."

"आणि बाकीचे सात समोर दिलेत ना? मग ही मादी तुमच्याकडे का?"

"ते मी उकळले होते, बाई."

कोरड्या आवाजात त्या म्हणाल्या, "तिचे कल्ले भाजलेत. तुमच्या धडधाकट दोघांना जेवढं विष चालेल, तेवढंही हिला चालणार नाही. हिला पूर्ण स्वच्छ पाणी हवं. एकटीला. सात गोट्यांवर तेवढंच होईल. कुणाला बाहेर काढायचं ते तुम्ही ठरवा." आणि फोन ठेवून दिला.

चौदा असते तर तीनच काय, चौघंही जगली असती. हिशेब पोरालाही येईल. मी माझ्याच टाकीचा निम्मा जीव शेगडीवर ठेवला होता.

माझी जोडी नऊ वर्षांची. हात घातला की बोटाला येऊन टोचायची. मंगेशपेक्षा जास्त मी त्यांच्याशी बोलले असेन. रडत रडत मी त्यांना जाळीत धरलं आणि टबात टाकलं. घरात होतं तेवढं मीठ कालवलं. मग दिवसातून तीनदा पाणी उपस, नवं कालव, ओत. कंबर मोडली. पायरीवरून स्वप्नाली पाहत होती. मदतीला आली नाही. मीही हाक मारली नाही. उकळलेले सात गोटे मी घासून, धुऊन परत टाकीत ठेवले, जिवंत सातांच्या शेजारी. विरजण शेजारून लागतं, पण लागायला वेळ घेतं.

रोज सकाळी ती यायची, टाकीसमोर पाटावर बसायची, नळीत थेंब टाकून रंग बघायची. मी सांगितलेला रंग तिला पुरत नव्हता. मोठी आधी तळाशी पडून होती. सहाव्या दिवशी उठली. आठव्या दिवशी तिने कोळंबीचा कीस खाल्ला आणि स्वप्नालीने तोंडावर पदर घेतला. मी आत जाऊन चुलीशी उभी राहिले.

नवव्या दिवशी टबातली माझी मादी गेली. अकराव्या दिवशी नर गेला. मीठ मिळेना, बाजारात सगळ्यांनीच आधी उचललेलं. दोघांना परसात आंब्याखाली पुरलं. मंगेश म्हणाला, "नवी जोडी आणू." मी त्याला अशी शिवी दिली की तो दोन दिवस माझ्या समोर आला नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी, ती पाटावर बसलेली असताना, मी तिच्या मागे उभी राहून म्हटलं, "बैठकीत मी तुला जे बोलले ते फार वाईट बोलले. मुद्दाम बोलले."

तिने मागे पाहिलं नाही. "माहीत आहे," म्हणाली. "उकळलेस तेही मुद्दामच." आणि नळीत थेंब मोजायला लागली. "सहा, सात, आठ."

सव्वा महिना झाला. तपकिरी थर चौदाही गोट्यांवर सारखाच चढला होता. आधी उकळलेले कुठले आणि न उकळलेले कुठले, मलाही ओळखू येईना. नळीतला रंग सलग दहा दिवस पिवळाधमक. डॉक्टरबाईंचा निरोप आला, मीठ पाठवलंय, मोठीला घरी न्यायला हरकत नाही.

स्वप्नाली बादली घेऊन आली. मोठीला तिने स्वतः जाळीत धरलं. मग टब उलटा पडलेला बघून म्हणाली, "तुझी जोडी?"

आतापर्यंत तिने विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं.

"गेली. दोघं."

"बरं झालं," ती म्हणाली.

राग यायला हवा होता. आला नाही. मी टाकीत हात घातला आणि सात गोटे काढून ताटात ठेवले. ताट तिच्यापुढे केलं.

तिने पहिला गोटा उचलला, नाकाशी धरला, बराच वेळ हुंगला आणि बादलीत ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. मी ताट धरून उभी होते, हात भरून आले, पण खाली ठेवलं नाही. खळ्यात कुसुम आणि वरच्या आळीतल्या दोघीतिघी येऊन उभ्या राहिल्या होत्या, बघत होत्या. तिने घाई केली नाही. सहाही झाले.

सातव्याचा वास तिने दोनदा घेतला.